उजवा तेवढा गार

"काय गं, काल तुझे हे गाडीचा आरसा क्रेडिट कार्डाने खरवडत होते ना?"

"बघितलंत वाटतं काकू! अहो, उजवा आरसा तापतच नाही. गॅरेजवाला म्हणतो, अख्खा आरसा बदला. मोटर, कव्हर, सगळं."

"म्हणणारच. ये अशी कुंपणाजवळ, बर्फ आत्ताच ओढलाय. मिसिसागाच्या जानेवारीत ओरडून बोलायचं बळ नाही राहिलं. डावा तापतो?"

"चांगला. दहा मिनिटांत लख्ख."

"मग फ्यूज नि रिले सोडून दे. बहुतेक गाड्यांत दोन्ही आरशांना एकाच फ्यूजमधून वीज जाते. तो उडाला की दोन्ही गार. बटण मागच्या काचेचंच ना?"

"तेच. इंजिन चालू करूनच दाबतो."

"शहाणे आहात. ते पंधरा-वीस मिनिटांत आपोआप बंद होतं. समोरचे भाऊजी बटण दाबून चहाला आत जातात, अर्ध्या तासाने बाहेर येतात आणि म्हणतात, बिघडलं! बरं, पार्किंगमध्ये कुणीतरी तुमचा उजवा आरसा उडवला होता, त्याचं काय केलंत?"

"नुसती काच बदलली. ऑनलाइन घेतली, निम्म्या किमतीत."

"अगं बाई! मग गॅरेज कसलं गाठता? पार्ट्सच्या काउंटरवर मी हेच बघत आले. स्वस्त काच बरेचदा नुसती काच असते. तापणाऱ्या काचेच्या पाठीला पातळ पट्टी चिकटवलेली असते, तिला वायरींचे दोन काटे. पट्टीच नसेल तर तापणार काय, तुझं कपाळ? नाहीतर पट्टी असेल, पण काच बसवताना वायरी खोचायच्याच राहिल्या असतील."

"हे म्हणाले, दोन वायरी लोंबत होत्या, जास्तीच्या असतील."

"जास्तीच्या! कंपनी काय लग्नातल्या नारळासारख्या वायरी वाटते?"

"मग आता?"

"काच काढून बघा. पण आधी गाडी गॅरेजमध्ये ऊबेला उभी करा, थंडीत प्लास्टिकच्या खुंट्या कडकड मोडतात. पट्टी असली तर वायरी सोडून तिच्या दोन काट्यांवर मीटर लावायचा. पाच ते पंधराच्या आसपास ओहम आले की पट्टी ठीक. मीटर काहीच दाखवत नसेल तर ती आतून तुटलीय, काच नवीन घ्या. पट्टी चांगली निघाली तर बटण दाबून वायरींच्या टोकांना बारा व्होल्टचा बल्ब लावा."

"बल्ब कशाला? मीटर आहे की."

"मिठाने कुजलेल्या वायरीतही मीटर झोकात बारा दाखवतो. इथे रस्त्यावर किती मीठ ओततात बघतेस ना? ओझं पडलं की खरं कळतं. बल्ब मिणमिणला तर दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळी असते, ती सोलून बघा. दार उघडून-मिटून वायर तिथेच तुटते."

"पण आरसा बटणाने वर-खाली होतो."

"त्या मोटरच्या वायरी वेगळ्या. त्यावरून काही ठरत नाही."

"आमच्याकडे मीटर नाहीये हो."

"माझा ने. फक्त आमच्या ह्यांना बोलू नकोस. दिवाळीपासून ते तळघरात शोधतायत आणि मी शिवणाच्या डब्यात लपवलाय. मागच्या वेळी त्यांनी त्याच मीटरने ओव्हन दुरुस्त केला होता."