तेरची बाहुली आणि तिकिटाची कुरकुर

तेर गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या मातीतली खापरं, मणी, नाणी जमवली. त्यातून सरकारी संग्रहालय उभं राहिलं. इथली चिमुकली हस्तिदंती बाहुली बघा. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती 1938 साली इटलीतल्या पॉम्पेईत सापडली, ती नेपल्सच्या संग्रहालयात असते. तिथं आमची मंडळी निमूट युरो मोजतात, वर फोटो टाकतात. तेरला तिकीट म्हटलं की, "खापरं बघायला पैसे?" तुळजापुरात सशुल्क दर्शनाचा पास काढताना मात्र पाकीट आपोआप उघडतं. तेरच्या संग्रहालयाचा पहारा, वीज, डागडुजी सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच खिशातून चालते. तिकिटाच्या चिल्लरीत पहारेकऱ्याचा चहा निघाला तरी पुष्कळ! तेरला संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलात की बाहुलीलाही भेटा. सुटे पैसे जवळ असू द्या.