पोर्चातल्या पाकोळ्या

उन्हाळ्याचं कौतुक आपल्याकडे आंब्यापासून सुरू होतं आणि आंब्यापाशीच संपतं. त्यात पाकोळ्यांनाही वाटा मिळायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हं कलली की त्या चिरचिर ओरडत इमारतीभोवती घिरट्या घालू लागतात. काळ्या, शेपटीच्या वर पांढरा पट्टा, पंख विळ्यासारखे. गच्चीवर खुर्ची टाकून बसावं, मान दुखेपर्यंत बघावं. तिकीट नाही.

तारेवर बसलेली दिसली, तर ती भिंगरी समजावी. पाकोळीच्या पायाची चारही बोटं पुढे वळलेली. भिंतीला लटकायला उत्तम, फांदी धरायला निरुपयोगी. त्यामुळे खाणंपिणं सगळं उडता उडता. युरोपातली तिची थोरली बहीण तर कुठेही न टेकता सलग दहा महिने उडत राहू शकते, असं स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं. मला जेवणानंतर दहा मिनिटं उभं राहवत नाही.

आमच्या पोर्चच्या छताला, तुळईच्या कोपऱ्यात त्यांची घरटी आहेत, एकाला खेटून दुसरं. हवेतच पकडलेल्या काड्या, दोरे आणि पिसं लाळेनं चिकटवलेली. पिसांची टोकं बाहेर डोकावतात आणि त्यांतली बरीच कबुतरांची असतात. ज्या कबुतरांपायी आम्ही गॅलऱ्यांना जाळ्या ठोकल्या, त्यांचा एवढा सदुपयोग दुसऱ्या कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

इंग्लंडातल्या ब्रायटनमध्ये पाच मीटरहून उंच नव्या इमारतीत पाकोळ्यांसाठी घरकुलं बसवण्याची अट २०२० मध्ये आली. तिकडच्या नव्या भिंतींना फटीच उरल्या नाहीत, काय करणार! आपल्याकडे इतकी यातायात नको. आपल्या पाकोळीला पावसापासून आडोसा असलेला एखादा कोपरा पुरतो, आणि तो शाबूत ठेवायला काहीही न करणं पुरतं. पण आम्हाला नेमकं मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, पोर्च रंगवायची हुक्की येते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, "ती जळमटं आधी खरवडून घ्या." तळमजल्यावरच्या काकू कडाडल्या, "जळमटं कसली? आत पिल्लं आहेत! रंग काय पळून जातोय?" विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला. कामं पुढे ढकलण्यात आमची कमिटी वाकबगार. तो गुण सत्कारणी लागलेला प्रथमच पाहिला.

एखादी पाकोळी खाली पडलेली सापडली, तर तिला हवेत भिरकावू नका. सपाट जमिनीवरून उठणं तिला जड जातं, एवढंच. उघड्या तळहातावर उंच धरा. धडधाकट असेल तर आपली आपण जाईल. नाहीतर जवळच्या पक्षिमित्राला फोन करा.

आणि रंगाऱ्याला दिवाळीच्या सुमारास बोलवा. तेव्हाही घरटी रिकामी समजू नका, पाकोळ्या रात्री झोपायला तिथेच येतात. तेवढा हातभर कोपरा जुन्या रंगाचाच राहू द्या.