कुंपणापलीकडचा हिटलर

"अक्का, रात्री मधनंच उठून गेलासा ते? चहा तसाच ऱ्हायला."

"मांजर आलंतं गं परसात."

"मांजर कसलं! सिनेमातल्या त्या आईचे बूट दिसले आणि तुम्ही उठलासा. मी बघितलो."

अक्का काही बोलल्या न्हाईत. कढीपत्त्याची डहाळी तेवढी भिंतीवरनं पुढं केली.

माझी लेक पुण्याहून आली की टीव्हीला काहीतरी जोडती आणि टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीला जग दाखवती. ह्या खेपेला 'जोजो रॅबिट', २०१९चा. दहा वर्षांचा जर्मन पोरगा, त्याच्या मनातला जिवलग दोस्त म्हणजे खुद्द हिटलर, आणि आईनं भिंतीमागं लपवलेली ज्यू मुलगी. पटकथेला ऑस्कर मिळालंय. हिटलर झालाय तो दिग्दर्शकच, तायका वाइटिटी. त्याची आई ज्यू, म्हणजे टिंगल करायचा हक्क त्याचाच.

"हसलो गं मी," अक्का म्हणाल्या, "ते 'हाइल हाइल' मोजायला गेलो आणि हसून चुकलो. पण हिटलर एवढा येडा असंल तर इतकी माणसं मारली कुणी? येड्यानं?"

"चॅप्लिननं पण १९४०च्या सिनेमात हिटलरची अशीच टिंगल केली की."

"आणि मागनं म्हणाला न्हवं, छावण्यांतलं खरं ठाऊक असतं तर केलाच नसता म्हणून? तुझ्याच लेकीनं सांगितलं."

लेकीला जास्त शिकवू नये ते ह्यासाठी.

"मला हिटलरपेक्षा ती पोरं खुपली, अक्का. घोषणा देणारी. आमचा धाकटा आठवतोय न्हवं? एक नोव्हेंबरच्या सायकल फेरीत बापाच्या पुढं नळीवर बसून घसा बसंस्तोवर ओरडला. घरी येऊन विचारतोय, 'आई, कन्नड म्हणजे आपले दूधवाले काका बोलतात तेच काय?'"

"ते वेगळं. आपलं सीमाप्रश्नाचं दुखणं खरं हाय. छप्पन सालापासनं."

"हाय की. मी कुठं न्हाई म्हटलं?"

जरा वेळ दोघी गप्प. मग अक्काच बोलल्या, निपाणीच्या माहेरचं.

"आमचा आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत. इटलीत होता. १९४५च्या एप्रिलात सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला न्हवं, त्याच लढाईत. पण घरात सांगायचा काय? तिथल्या एका म्हातारीनं ह्यांना शेवया वाढल्या आणि ह्यांनी गूळ मागितला, एवढंच. दर दिवाळीला तीच गोष्ट. आम्ही पोट धरून हसायचो."

"आणि लढाईचं?"

"कधीच न्हाई. तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं काढली, पण वेदगंगेत पाय म्हणून घातला न्हाई. आम्ही पोरं पाण्यात आणि हा काठावर पाठ करून बसलेला. रात्री त्या पोराला लेस बांधता येईना, तवा मला ती पाठ दिसली." अक्कांनी पदरानं नाक पुसलं. "सिनेमा वाईट न्हाई गं. आण्णासारखाच हाय. हसवतोय आणि पाठ करून बसतोय."

"मग चांगला म्हणायचा का?"

"मला काय कळतंय! रविवारी दादा येणार हाय निपाणीहून. त्याला दाखवूया, तो हसतोय काय बघूया. फक्त बुटाचं यायच्या आधी मला खूण कर. मी दूध उतरवून येतो."