पर्यावरणप्रेमी पत्रलेखकांसाठी आवश्यक सूचना

या सूचना तळेगाव (श्यामजी पंत) इथल्या तमाम पत्रलेखकांसाठी आहेत. म्हणजे आमच्या काकाजींसाठी. दुसरं कोणी लिहीत नाही.

एक. सुरुवात वेदांपासून करू नये. काकाजींचं पत्र ऋग्वेदातून निघतं, तुकोबांकडे मुक्काम करतं, जागतिक तापमानवाढीला वळसा घालतं आणि बसस्टँडजवळच्या तोडलेल्या कडुनिंबापाशी पोचेपर्यंत संपादकांची कात्री चाललेली असते. छापून येतो तो ऋग्वेद.

दोन. कोणतं झाड, कोणता रस्ता, कोणता दिवस, हे पहिल्या दोन ओळींत यावं. ‘प्रशासन झोपले आहे’ लिहू नये. ते प्रशासनालाही ठाऊक असतं. रस्ता कोणाचा तेही पाहावं. नागपूर-अमरावती रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 53, पूर्वीचा 6. त्याचं गाऱ्हाणं महामार्ग प्राधिकरणाकडे न्यावं, गावातल्या रस्त्याचं ग्रामपंचायतीकडे. काकाजी एकाच पत्रात सगळ्यांना झापतात, त्यामुळे सगळेच निवांत राहतात.

तीन. कायदा बघून उगारावा. 1975चा वृक्षसंरक्षण कायदा शहरांचा. खेड्यात 1964चा वृक्षतोड कायदा काढावा, आणि त्याच्या यादीत आंबा, चिंच, मोहाबरोबर आपलं झाड आहे का ते आधी पाहावं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, उत्तराला 30 दिवसांची मुदत. किती झाडं तोडायची परवानगी होती, एवढंच विचारावं.

चार. दीडशे शब्द. (काकाजींनी ही सूचना वगळावी.)

पाच. विषय ताजा असताना लिहावं. डिसेंबर 2017मध्ये बोर व्याघ्र प्रकल्पातला बाजीराव वाघ याच नागपूर-अमरावती महामार्गावर, बाजारगावजवळ, वाहनाच्या धडकेत गेला. काकाजींचं पत्र संक्रांत उलटल्यावर निघालं. एका श्लोकाचा ऱ्हस्व-दीर्घ अडला होता. जनावरांना रस्त्याखालून वाट द्या, हे त्यातलं वाक्य त्यांनी आजवर लिहिलेलं सर्वात चांगलं. ते तिसऱ्या पानावर होतं.

सहा. पत्रामागे माणसं असावीत. 2020मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडं पडू लागली तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले. आमच्याकडे काकाजी एकटेच. तरी करवत लावण्याआधी माणूस इकडेतिकडे बघतो, ते त्यांच्याच धाकानं.

सात. पत्राखाली पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर द्यावा. ‘एक जागरूक नागरिक’ अशी सही करू नका, काकाजी. तळेगावात तो कोण, हे सगळ्यांना माहीत आहे.