झाडू कधी मारावा?

लिनक्सच्या कर्नेलमध्ये सर्वांत अवघड काम कोणतं, असं विचारलं की जाणकार मेमरी, शेड्युलर अशी भारदस्त नावं घेतात. माझं मत झाडूवाल्याला. नवं फीचर आपल्या कोपऱ्यात जन्मतं आणि बिघडलंच तर बहुधा त्याच कोपऱ्यात रडतं. सफाईचा पॅच मात्र शेकडो फायलींत पाय घालतो. प्रत्येक फाइलीला कुणीतरी सांभाळणारा, म्हणजे मेंटेनर, असतो आणि त्याचं अर्धवट काम नेमकं त्याच ओळीवर पसरलेलं असतं. वाड्याचा सामाईक जिना रंगवायचा ठरला की रंगावर एकमत होतं, भांडण होतं ते ‘कधी’वरून, तोच हा प्रकार. म्हणून सफाई एकतर एकाच हाताने एकाच दिवशी उरकावी, नाहीतर ज्याची त्याने सवडीने करावी. मधली वाट धरू नये.

पुरावा ‘अ‍ॅक्सेस ओके’ या फंक्शनचा. वापरकर्त्याच्या मेमरीचा पत्ता तपासणाऱ्या या फंक्शनला आधी सांगावं लागे, वाचायचंय की लिहायचंय. कारण मूळ ८०३८६ प्रोसेसर कर्नेल मोडमध्ये लेखनबंदी जुमानत नसे. २०१२च्या अखेरीस कर्नेलने त्या प्रोसेसरला निरोप दिला. पुढे सहा वर्षं ‘वाचन की लेखन’ हे उत्तर कुणी ऐकत नव्हतं, तरी सगळा कोड ते इमानेइतबारे देत राहिला. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने ३ जानेवारी २०१९ला ते आर्ग्युमेंट सगळीकडून एकदम उडवलं. मुहूर्त पाहा: नवे बदल आत घेण्याची दोन आठवड्यांची मुदत, म्हणजे मर्ज विंडो, संपत आलेली, बहुतेकांचा माल आत आलेला, पहिली चाचणी-आवृत्ती आरसी-१ तीन दिवसांवर. २०२२ साली टायमरची सफाई तर नाताळच्या दिवशीच झाली, आणि त्याच दिवशी कर्नेल ६.२ची आरसी-१ निघाली. ही सफाई कॉक्सिनेल या कोड आपोआप बदलणाऱ्या साधनाच्या स्क्रिप्टने केलेली होती. अशी स्क्रिप्ट त्या क्षणीच्या ताज्या कोडवर पुन्हा चालवता येते, त्यामुळे शिळ्या पॅचच्या कॉन्फ्लिक्टचा प्रश्नच उरत नाही.

कुणी म्हणेल, स्क्रिप्ट इतकी हुशार, तर सगळंच तिच्यावर सोपवा. नाही सोपवता येत. ‘स्ट्रएलकॉपी’ हे मजकूर कॉपी करणारं धोकादायक फंक्शन कर्नेल ६.८मध्ये, म्हणजे २०२४ साली, कायमचं गेलं. पण त्याच्या जागी आलेलं ‘स्ट्रएसकॉपी’ परत देतं ते उत्तर वेगळं, त्यामुळे प्रत्येक वापर माणसाने डोळ्यांनी बघावा लागला. तिथे घाई म्हणजे केर काढताना दागिना फेकणं. दुसरी हरकत नवशिक्यांची: स्पेस आणि टॅब नीट करतच ते शिकतात. खरंय, आणि त्यासाठी २००८पासून स्टेजिंग नावाची वेगळी डिरेक्टरी आहे. तिथे हवा तेवढा हात साफ करावा. राहिली मधली वाट, म्हणजे सगळ्या मेंटेनरांना एकदम पाठवलेली लांबलचक पॅचमालिका. तिला ‘माझी हरकत नाही’ असं सगळे कळवतात, आपल्या ट्रीमध्ये, म्हणजे कोडच्या आपल्या प्रतीत, मात्र कुणीच घेत नाही. दरम्यान खालचा कोड बदलतो आणि तीच मालिका सातवी आवृत्ती म्हणून पुन्हा दारात उभी राहते.