संशयितांची यादी : सेवा केंद्रचालकांसाठी मार्गदर्शिका

३१ जुलैला ज्यांच्या काउंटरपुढे पीकविम्याची रांग उभी असते आणि नेमका तेव्हाच संगणक मुका होतो, अशा केंद्रचालकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. ती नारायणगड परिसर डोळ्यांपुढे ठेवून लिहिली असली, तरी इतर तालुक्यांतही लागू समजावी.

पूर्वतयारी : प्रथम रांगेतल्या जाणत्या माणसाचा बंदोबस्त करावा. असा एक असतोच. त्याचा भाचा पुण्याला ‘कंप्युटर लाइनला’ असतो आणि त्याचे निदान ठरलेले असते : “वायरस घुसलाय भाऊ. फॉरमॅट मारा.” त्याला चहा सांगावा. चहा येईपर्यंत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘डिटेल्स’वर जाऊन ‘सीपीयू’ या मथळ्यावर टिचकी मारली, की सर्वांत जास्त आकडेवाला वर येतो.

वर येतो तो सिस्टम आयडल प्रोसेस. पुढे आकडा ९५.

“हाच खातोय बघा सगळं! मारा याला,” असे चहा पीत पीत सांगितले जाईल. ऐकू नये. सबंध यादीत काहीच न खाणारा हा एकटाच. प्रोसेसर रिकामा असतो तो वेळ याच्या नावावर मांडतात. त्याचा क्रमांकही शून्य आहे. ९५ म्हणजे प्रोसेसर जवळजवळ मोकळा बसला आहे. तरीही काम अडले असेल, तर खोट डिस्कमध्ये, इंटरनेटमध्ये किंवा पोर्टलमध्ये शोधावी. ती पोर्टलमध्ये निघाल्यास ही मार्गदर्शिका मिटवावी आणि आपणही रांगेत जाऊन उभे राहावे.

आता खाली सरकावे. ‘एसव्हीसीहोस्ट’ हे एकच नाव ओळीने इतक्या वेळा दिसेल, की बोगस लाभार्थ्यांची यादी उघडली की काय असे वाटावे. घाबरू नये, सहसा सगळे खरे असतात. विंडोजच्या बऱ्याच सेवा अशा फायलींत असतात, ज्यांना स्वतःहून चालता येत नाही. त्यांना चालवणारा यजमान म्हणजे हा. पूर्वी एकेका यजमानाकडे अनेक सेवा उतरत. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून साडेतीन जीबीहून जास्त रॅम असलेल्या संगणकात बहुतेक सेवांना स्वतंत्र बिऱ्हाड मिळाले. एक कोसळली तरी बाकीच्या उभ्या राहतात. म्हणून दोन जीबीच्या जागी आठ जीबी रॅम टाकली, की यादी आखडायची सोडून लांबते आणि रॅम बसवणारा विनाकारण शिव्या खातो. कोणाच्या घरात कोण राहते हे पाहायचे, तर नावावर उजवी टिचकी मारून ‘गो टू सर्व्हिसेस’ म्हणावे.

पण यादीत एवढी माणसे लागतात कशाला? नारायणगडाच्या, म्हणजे धाकट्या पंढरीच्या, माणसाने तरी हे विचारू नये. १२ ऑक्टोबर २०२४ ला गडावर दसरा मेळावा झाला. मंचावरचे भाषण महाराष्ट्राने ऐकले. पाण्याला कोण होते, पार्किंगला कोण होते, हे कोणी विचारले? यादीतले हे यजमानही तसेच.

‘एंड टास्क’चे प्रयोग : एक्सप्लोरर बंद केल्यास खालची पट्टी आणि सगळी चित्रे गायब होतात, रांगेतून “गेलं, गेलं!” असा आवाज उठतो. टास्क मॅनेजरमधूनच ‘रन न्यू टास्क’ घेऊन तेच नाव टाइप करावे; सगळे परत येते आणि आपला वट वाढतो. ‘सीएसआरएसएस’वर मात्र हा प्रयोग करू नये. विंडोज आधी बंद पडण्याचा इशारा देते, तो इशारा धमकी नसून वेळापत्रक आहे. ‘एलएसॅस’ लॉगिन आणि पासवर्ड सांभाळतो. २००४ साली सॅसर नावाच्या वर्मने त्यातलीच एक फट गाठली, तेव्हा जगभरच्या पडद्यांवर साठ सेकंदांची उलटी मोजणी लागली होती. एलएसॅसच्या नावाचे तोतयेही निघतात : पहिल्या लहान एलच्या जागी कॅपिटल आय. चेहरा हुबेहूब, म्हणून पत्ता तपासावा. ‘ओपन फाइल लोकेशन’ केल्यावर विंडोजमधले सिस्टम३२ उघडले, तर माणूस घरचा. डाउनलोड्समध्ये सापडला, तर जाणत्याच्या भाच्याला फोन लावायला हरकत नाही.

राहिले अपडेट. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर केंद्र चालत असेल, तर ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवावे. बहुतेक अपडेट्स मग डेटा ओढत नाहीत. ‘ॲक्टिव्ह आवर्स’ही भरावेत, म्हणजे अर्ज अर्ध्यावर असताना संगणक आपणहून रीस्टार्ट होत नाही. त्यात जास्तीत जास्त अठरा तास देता येतात. उरलेल्या सहा तासांत गावात लाइट असेल, असे विंडोजने गृहीत धरले आहे.