आवर्तसारणीचे दफ्तर कसे वाचावे

शाळेच्या प्रयोगशाळेत, ओल धरलेल्या भिंतीवर, कोपरे मुडपलेल्या अवस्थेत जो रंगीत तक्ता टांगलेला असतो, त्याचे वाचन करू इच्छिणाऱ्या सद्गृहस्थाने सर्वप्रथम तो पाठ करण्याचा संकल्प सोडावा. कारण 118 मूलद्रव्यांची नावे अस्खलित म्हणून दाखविणारा विद्वान आणि सर्व खातेदारांची नावे मुखोद्गत असून कोणाची जमीन कोठे आहे याचा पत्ता नसलेला तलाठी, यांत सरकारदरबारी फारसा फरक केला जात नाही.

आडव्या ओळी 7 आहेत, त्यांस आवर्त म्हणावे. परंतु शेजारी बसला म्हणून सोयरा, असे समजू नये. खरे गणगोत उभ्या रकान्यात असते, आणि असे रकाने 18 आहेत. पहिल्या रकान्यातील लिथियम, सोडियम व पोटॅशियम यांस क्रमाने पाण्याची भेट घडवावी (शिक्षकाच्या देखरेखीखाली, आणि चिमटीएवढेच): लिथियम नुसता फसफसतो, सोडियम वितळून गोळी होऊन पृष्ठभागावर सैरावैरा धावतो, आणि पोटॅशियम जांभळट ज्वाळेने पेट घेतो. प्रत्येकाच्या बाह्य कक्षेत एकच इलेक्ट्रॉन. जसजसे खाली जावे तसतसा तो केंद्रकापासून दूर, म्हणून अधिकाधिक सुटू पाहणारा. याखालच्या सीझियमला पाणी दाखविण्याचा मोह शिक्षकानेही आवरावा. तक्त्याच्या उजव्या टोकास बसलेल्या निष्क्रिय वायूंकडे मात्र कोणतीही विनंती घेऊन जाऊ नये. ते सहसा कोणाशीच व्यवहार करीत नाहीत.

रिकाम्या जागांविषयी पूर्वसूरींचे वर्तन अनुकरणीय आहे. 1869 मध्ये मेंडेलीव्हने तेव्हा ज्ञात असलेली 63 मूलद्रव्ये मांडली तेव्हा, जेथे कुळाशी जमेना तेथे भलत्याच उमेदवारास न नेमता त्याने जागा मोकळी ठेविली, आणि पुढे त्या गैरहजर इसमांचे वजन व घनताही लिहून ठेविली. 1875 मध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ या फ्रेंच रसायनज्ञास त्यांपैकी एक, गॅलियम, सापडले. त्याने घनता 4.7 नोंदविली. ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता त्या मेंडेलीव्हचे म्हणणे असे पडले की ती 5.9च्या आसपास असली पाहिजे. फ्रेंच गृहस्थाने नमुना शुद्ध करून पुन्हा मोजला आणि 5.9 हाच आकडा हाती आला! ज्याच्या हाती माल आहे त्याला, केवळ खतावणीच्या आधारे, मोजमाप सुधारावयास लावणे, हे आमच्या मते सारणीवाचनाचे परमोच्च शिखर होय.

वजनाच्या क्रमाने चालणाऱ्यास टेल्युरियम (127.6) आधी आणि त्याहून हलके आयोडीन (126.9) नंतर, ही उघड बेकायदा नोंद दिसेल. तथापि तक्रार गुदरण्याची घाई करू नये. मेंडेलीव्हने स्वभाव पाहून हा क्रम लावला, टेल्युरियमच्या वजनातच खोट असावी असा तर्कही केला, आणि तो तर्क फसला. क्रम मात्र टिकला. 1913 मध्ये हेन्री मोझलीने क्ष-किरणांच्या साह्याने दाखविले की ज्येष्ठता वजनावर नसून केंद्रकातील धनप्रभारावर ठरते: टेल्युरियम 52, आयोडीन 53. हा निवाडा देणारा तरुण दोनच वर्षांनी, वयाच्या 27व्या वर्षी, गॅलिपोलीच्या रणांगणावर मारला गेला.

राहता राहिला हायड्रोजन. तो पहिल्या रकान्यात धातूंच्या माथ्यावर बसतो पण एरवी धातू नव्हे; एक इलेक्ट्रॉन देतो तसा प्रसंगी एक घेतोही, म्हणून सतराव्या रकान्यातही त्याचे वारस निघतात. कोणी चौकशी केल्यास ‘नेमणूक हंगामी, प्रकरण विचाराधीन’ असा शेरा मारून पुढील मिसल उघडावी.